इटली बघायची तर एका गावात राहून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इटलीवरचा लेख वाचला. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान, मध्येच एक दिवस स्वित्झर्लंड, सगळं मिळून आठ दिवस, आणि वर मथळा 'इटली अनुभवा स्थानिकांसारखी'. लिहिणाऱ्यांचा उत्साह खरा आहे, फोटोपण सुंदर आहेत, पण त्या मथळ्याला माझी हरकत आहे. आठ दिवसांत पाच शहरं करणारा माणूस बस बघतो, हॉटेलची लॉबी बघतो आणि रांगा बघतो. तिथला एकही स्थानिक माणूस असा जगत नाही.

मी हे लिहितेय कारण आम्ही आंजर्ल्याला घरातल्याच खोल्या पाहुण्यांना देतो आणि बरीच वर्षं पाहुणे जवळून बघतोय. शनिवारी दुपारी येणारे असतात, त्यांना रविवार संध्याकाळच्या आत कड्यावरचा गणपती, हर्णै, मुरूड, केशवराज, जमलं तर पन्हाळेकाजीची लेणी एवढं सगळं उरकायचं असतं, गाडी थेट पुळणीवर घालतात, ती रुतते, मग गावातला ट्रॅक्टर आणून ओढून काढायची, ज्या पुळणीत कासवं अंडी घालतात तिथेच हे सगळं चालतं. आणि काही जण चार दिवस राहतात, सकाळी पडवीत आमच्याबरोबर चहा घेतात, हर्णै बंदरावर लिलाव लागतो तेव्हा मधे न लुडबुडता बाजूला उभे राहून बघतात, दुपारी गाव आडवं झालं की तेही आडवे होतात, जाताना आगोटीचं सामान कसं भरता, आमसुलं कशी करता ते विचारून लिहून घेतात. कोकण या दुसऱ्यांनी बघितलं असं मला मनापासून वाटतं. आता आपण परदेशात जातो तेव्हा आपण यातले कुठले पाहुणे असतो, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि मला वाटतं किनारपट्टीवरच्या माणसाला याचं उत्तर पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा लवकर कळायला हवं कारण आपण रोज यजमान असतो.

माझी भाची शिकायला जेनोवाला असते, तिच्यामुळे मला तिकडे राहायला मिळालं. जेनोवा हे लिगुरिया प्रांतातलं मुख्य बंदर, आणि तो सगळा किनारा म्हणजे डोंगर थेट समुद्रात उतरलेला, मधे सपाट जागा जवळजवळ नाहीच, गावं कड्याला चिकटलेली. भाचीने पहिल्याच दिवशी सांगितलं, आत्या, बघायची यादी करू नकोस, आधी सकाळी कॉफी प्यायला चल. तिथे सकाळची कॉफी बारमध्ये उभ्या उभ्या पितात. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची, ती काउंटरवर ठेवायची आणि मग कॉफी मागायची. उभं राहून प्यायलात तर युरो-दीड युरोत काम होतं, तीच कॉफी मोठ्या चौकातल्या टेबलावर बसून घेतली की दुप्पट-तिप्पट पैसे होतात आणि ते दरपत्रकात लिहिलेलं असतं, त्यात फसवणूक काही नाही. लिगुरियातले लोक सकाळी फोकाच्या नावाचा खारट, तेलकट मऊ पाव कापुचिनोत बुडवून खातात, आपण चहात खारी बुडवतो तसा, आणि दुधाची कॉफी ती सकाळीच, जेवणानंतर कुणी घेत नाही, जेवणानंतर छोटा काळा एस्प्रेसो. दुकानात शिरताना आधी 'बोंजोर्नो' म्हणायचं, निघताना 'ग्रात्सिए', भाजीवाल्याची फळं आपण हाताने चिवडायची नाहीत, तो निवडून देतो. तिसऱ्या-चौथ्या सकाळी तो कॉफीवाला मला बघून कप काढायला लागला तेव्हा मला जो आनंद झाला तो कुठल्या मनोऱ्यापुढे फोटो काढून झाला नसता. आठ दिवसांत पाच शहरं करणाऱ्याला हे मिळू शकत नाही कारण तो चौथ्या सकाळी तिथे नसतोच.

दुपारी लहान गावांतली दुकानं बंद, साधारण एक ते चार. आपल्या ग्रुपमधले लोक यावर वैतागतात, आळशी लोक म्हणतात, मला तर घरच्यासारखं वाटलं. हॉटेलांचं स्वयंपाकघरपण तीनच्या सुमारास बंद होतं आणि संध्याकाळी साडेसातशिवाय उघडत नाही, तेव्हा सहा वाजता जेवायला बसायचा हट्ट धरला तर फक्त टुरिस्टांसाठी चालणारी ठिकाणंच उघडी सापडणार, जिथे मेन्यूवर फोटो असतात आणि सहा भाषा असतात. त्यापेक्षा त्या वेळात तिथले लोक करतात ते करावं, म्हणजे चालायला बाहेर पडावं. संध्याकाळी सगळं गाव नीट कपडे करून मुख्य रस्त्यावर येतं, आजी-आजोबा, बाबागाडी, शाळेतली पोरं, कुणाला कुठे पोचायचं नसतं, नुसतं वर-खाली फिरायचं, थांबायचं, बोलायचं. याला ते पासेज्जाता म्हणतात आणि याला तिकीट नाही.

जेवणाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. टूर कंपन्या रोज रात्री भारतीय जेवण अशी जाहिरात करतात आणि लोक त्यावरच टूर निवडतात. ज्यांना पथ्य आहे, वय झालंय, त्यांचं मी समजू शकते. पण डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीला युनेस्कोची बैठक झाली, त्यात आपली दिवाळी सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली आणि त्याच बैठकीत इटलीची स्वयंपाकाची परंपरापण गेली, म्हणजे घरी एकत्र बसून रांधणं, आजीकडून नातीने शिकणं, हंगामाचं तेच खाणं हे सगळं धरून. तो वारसा ज्या मातीत आहे तिथे जाऊन रोज पनीर बटर मसाला खायचा याचं मला वाईट वाटतं. शाकाहारी माणसाचीही अडचण होत नाही. जेनोवाला फारिनाता मिळतो, चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मीठ, एवढंच घालून मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, आपल्या बेसनाच्या पोळ्याची आठवण येते. सिसिलीत पालेर्मोला चण्याच्या पिठाच्याच तळलेल्या वड्या पावात घालून देतात. तोस्काना प्रांतात घेवडा, काळसर पालेभाजी आणि शिळा पाव शिजवून केलेली रिबोल्लिता आहे. एक गोष्ट मात्र कडक शाकाहारी लोकांना सांगायलाच हवी, पार्मिजानो चीज करताना दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, आणि पेस्तो नावाच्या हिरव्या चटणीत हे चीज असतं, काही प्रकारच्या पावात डुकराची चरबी असते, त्यामुळे विचारून खा. आणि आम्ही मासे खाणारे, आमचं तर काय, मोंतेरोस्सो गावात मिठात थर लावून मुरवलेले अँचोव्ही मिळाले, आपल्या मांदेलीच्याच जातकुळीतला मासा, लिंबू पिळून ऑलिव्ह तेल घालून दिले, असे लागले म्हणून सांगू! माशाच्या पास्त्यावर मात्र चीज मागू नका, तिथे ते चालत नाही. आणि सोमवारी ताजी मासळी खायची घाई करू नका, रविवारी होड्या जात नाहीत म्हणून सोमवारी बरेच बाजार बंद, व्हेनिसचा रिआल्तोचा मासळीबाजारसुद्धा सोमवारी बंद असतो, त्यामुळे सोमवार पाळणाऱ्यांची उलट सोयच होते. बिलात माणशी एक ते तीन युरो 'कोपेर्तो' म्हणून लावतात, पाव आणि टेबलाचे, त्यावरून वेटरशी वाद घालणारे आपले लोक मी बघितलेत, तो नेहमीचा आकार आहे आणि मेन्यूत लिहिलेला असतो, वर टिप द्यायचं बंधन नाही. बिलपण मागितल्याशिवाय आणून देत नाहीत, कारण तुम्हाला उठवणं ते वाईट समजतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं हे पत्र लिहायला बसले ती. चिंक्वे तेर्रे म्हणून पाच गावं आहेत, मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. रंगीत घरांचा तो फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो, आपल्या लेखातही होता, आणि त्यात त्यासाठी अर्धा दिवस दिलाय. अर्ध्या दिवसात त्या गावांच्या वरचं काही दिसत नाही. वर काय आहे तर डोंगराच्या उतारावर साधारण हजार वर्षं माणसांनी हाताने रचलेले दगडी बांध आहेत, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला, आपले गडगे असतात ना जांभ्याचे, अगदी तसे. त्या बांधांनी धरून ठेवलेल्या अरुंद पट्ट्यांवर द्राक्षं आणि ऑलिव्ह. असे कोरडे बांध रचायची कला २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेली, इटलीबरोबर आणखी सात देशांच्या नावाने. मी उभी राहून त्या बांधांकडे बघत होते आणि माझ्या सासऱ्यांनी रचलेला आमच्या वाडीचा गडगा डोळ्यापुढे होता, आता तो रचणारा गडी मिळत नाही म्हणून पुढच्या बाजूने आम्ही सिमेंटचे ब्लॉक लावलेत.

तिथेही तेच झालंय. मुलं शहरात गेली, नोकऱ्यांना लागली, वरची शेती सुटली, बांध ढासळायला लागले. २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांत प्रचंड पाऊस झाला आणि वरची माती-दगड घेऊन पाणी खाली उतरलं, वेर्नात्साचा मुख्य रस्ता पहिल्या मजल्याइतक्या चिखलाने भरला, मोंतेरोस्सोलाही तसाच तडाखा, माणसं गेली. आपण २०२१ च्या जुलैत तळिये बघितलं, चिपळूण बघितलं, त्याआधीच्या वर्षी निसर्ग वादळात आमच्या नारळी-पोफळी झोपल्या, त्यामुळे मला ते कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. पुरानंतर तिथे बाहेरून आलेल्या लोकांनीही गावकऱ्यांच्या हाताखाली बांध रचायला मदत केली. आता ज्याला खरंच स्थानिकांसारखं राहायचंय त्याने असं काही करावं असं मला वाटतं, एक दुपार दगड उचलावेत, किंवा नुसतं वरच्या पायवाटेने या गावातून त्या गावात चालत जावं. किनाऱ्यालगतच्या काही पायवाटांसाठी पार्कचं कार्ड काढावं लागतं, चपला घालून गेलात तर दंड होऊ शकतो, बूट हवेत. कोर्निल्याला स्टेशनवरून गावात जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी छोटी बस आहे. पाहुण्यांच्या गाड्या त्या गावांत सहसा आत जात नाहीत, बहुतेक ये-जा रेल्वेने.

चिंक्वे तेर्रेला जागतिक वारशाचा दर्जा १९९७ ला मिळाला. आपल्याला तो जुलै २०२५ ला मिळाला, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी, असे बारा किल्ले. तिथे दर्ज्यानंतर गर्दी इतकी वाढली की गावातली घरं भाड्याच्या खोल्या झाली आणि राहणारे कमी झाले. हर्णैच्या लोकांनी ते जाऊन बघायला हवं असं मला वाटतं, कारण सुवर्णदुर्गावर आता जे पाहुणे येतील ते याच घाईने येतील. व्हेनिसच्या जुन्या शहरात आता पन्नास हजारसुद्धा माणसं राहत नाहीत. म्हणून २०२४ च्या २५ एप्रिलपासून, गर्दीच्या ठरावीक दिवशी, सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांकडून ते पाच युरो घ्यायला लागले, पुढच्या वर्षी उशिरा बुकिंग केलं तर दहा केले. रात्री मुक्काम करणाऱ्याला ते माफ, तो राहण्याचा कर वेगळा भरतोच. माझ्या मते हे बरोबर आहे. धावती भेट देणाऱ्याकडून गावाला कचरा मिळतो, मुक्काम करणाऱ्याकडून चार पैसे आणि ओळख मिळते.

मग राहायचं कुठे? आम्ही राहिलो ते चिंक्वे तेर्रेच्या शेजारच्या लेवांतो गावाच्या वरच्या डोंगरात, एका शेतकरी कुटुंबाकडे. त्याला तिकडे आग्रितुरिझ्मो म्हणतात आणि त्याला कायदा आहे, पहिला १९८५ चा, मग २००६ चा. कायद्याचा गाभा असा की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे त्याच्या जोडीला. नुसतं शेताचं नाव लावून हॉटेल काढता येत नाही. देशभरात अशी पंचवीस हजारांवर घरं आहेत. आमच्या घरमालकीण बाई ऑक्टोबरात ऑलिव्हखाली जाळी पसरायच्या कामात होत्या, फळं जाळीवर पडतात आणि गोळा होतात, मी म्हटलं आम्ही आंबा झेल्याने काढतो, खाली पडला की गेला, भाचीने ते सांगितलं तेव्हा त्यांनी झेल्याचं चित्र काढून मागितलं. मग जाळी ओढायला मीही लागले. त्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तुळशीसारख्याच पण वेगळ्या वासाच्या पानांचा पेस्तो दगडी खलात कुटला. असं घर तुम्हाला महाग पडेल असं समजू नका, मोठ्या शहराच्या मध्यातल्या हॉटेलपेक्षा बहुतेक वेळा कमीच पडतं, आणि शेंगेन व्हिसाच्या अर्जाला त्यांचं बुकिंग चालतं.

दुसरा प्रकार मला जास्त लागला मनाला. १९७६ ला इटलीच्या ईशान्येकडच्या फ्रिउली भागात मोठा भूकंप झाला. घरं दुरुस्त झाली पण राहायला माणसं नव्हती. मग १९८२ च्या सुमाराला तिथल्या डोंगरी गावांत कल्पना निघाली की नवीन हॉटेल बांधायचं नाही, गावातली रिकामी घरंच खोल्या समजायची, एका घरात नोंदणी, दुसऱ्यात न्याहारी, पाहुणा गल्लीतून चालत जातो-येतो, शेजाऱ्यांना भेटतो. आल्बेर्गो दिफ्फुझो म्हणतात त्याला, आता इटलीत बऱ्याच गावांत आहेत, आब्रुत्सो भागातलं सांतो स्तेफानो दि सेस्सानिओ त्यासाठी ओळखलं जातं. आपल्याकडे गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूप लावलेली घरं प्रत्येक वाडीत आहेत, सातबाऱ्यावर वीस नावं, कौलं फुटतायत, कुणी हात लावत नाही. वेळासला कासवांच्या दिवसांत लोकांनी आपल्या घरात पाहुणे ठेवून दाखवलंय की हे आपल्याला जमतं. अशा घरात इटलीत चार रात्री राहून आलेला कोकणी माणूस गावच्या बंद घराकडे वेगळ्या नजरेने बघेल, याची मला खात्री आहे.

सणांचं सांगते. आपल्या लोकांच्या सुट्ट्या मे महिन्यात असतात आणि मे हा तिथे फार चांगला महिना आहे. जेनोवाजवळ कामोल्यी म्हणून मच्छीमारांचं गाव आहे, तिथे मेच्या दुसऱ्या रविवारी मासळीचा उत्सव असतो, १९५२ पासून, अवाढव्य पातेल्यात मासे तळून सगळ्यांना वाटतात, कोळ्यांच्या संताच्या नावाने. असे गावजेवणाचे उत्सव, साग्रा म्हणतात त्यांना, उन्हाळ्यात गावोगाव असतात, भिंतीवर पोस्टर लावलेलं असतं, लांब टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, गावातल्याच मंडळाची माणसं रांधतात आणि वाढतात. ते पोस्टर दिसलं की आधी ठरवलेलं सगळं रद्द करा आणि तिकडे जा. १५ ऑगस्टच्या आसपास मात्र जाऊ नका, तेव्हा त्यांचा फेर्रागोस्तो असतो, शहरातली घरगुती दुकानं बंद आणि सगळा देश समुद्रावर.

काही गोष्टी पटापट, कारण यात लोकांचे पैसे जातात. प्रादेशिक रेल्वेचं कागदी तिकीट गाडीत चढायच्या आधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यावं लागतं, नाहीतर दंड. भाड्याची गाडी घेतली तर जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झेड टी एल' लिहिलेली पाटी बघा, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असलेला भाग, तिथे कॅमेरे असतात आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. किनाऱ्यावरच्या गावात पोहण्याच्या कपड्यांत फिरायचं नाही, सोर्रेंतोला २०२२ पासून त्यावर पाचशे युरोपर्यंत दंड आहे. आपल्या गल्लीतून पाहुणे तसे फिरतात तेव्हा आपल्या म्हाताऱ्यांना काय वाटतं ते आपल्याला माहितीय.

एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल म्हणून लिहिते. बोलोन्याचा लुदोविको दि वार्तेमा नावाचा प्रवासी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या चौल आणि दाभोळला येऊन गेला, त्याचं प्रवासवर्णन १५१० मध्ये रोमला छापलं गेलं. म्हणजे तिकडचा माणूस आपल्या खाडीत पाचशे वर्षांपूर्वी आला होता. तेव्हा तो वाऱ्यावर अवलंबून होता, वारा फिरेपर्यंत बंदरात राहावंच लागायचं.

माझी विनंती एवढीच, की उन्हाळी सुट्टीच्या पुरवणीत इटलीवर परत काही छापणार असाल तर एकच गाव घ्या, तिथे किती रात्री राहायचं, कुठल्या शेतघरात खोली मिळते, बाजाराचा वार कुठला, गावजेवण कधी असतं, जवळचं स्टेशन कुठलं, असं सविस्तर द्या. लेवांतोबद्दल हवं असेल तर मी लिहून पाठवते, घरमालकीण बाईंची त्याला परवानगी आहे, मी विचारून ठेवलंय.

आपली,
एक वाचक
आंजर्ले, ता. दापोली, जि. रत्नागिरी